तेवीस नंबरचं पत्र

एक्केचाळिसाव्यांदा 'सापडले नाही' या खुणेवर क्लिक करताना गिरिजाचं बोट थांबलं. तसं थांबायचं काही कारण नव्हतं. गेली तीन वर्षं ती हेच करत होती. सिंगापुरात रॅफल्स प्लेसला अकराव्या मजल्यावरच्या एका लहानशा ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस जायचं आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन मुत्सद्द्याच्या छापील पत्रव्यवहाराचे अकरा खंड कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडायचे. कुठलं पत्र कुठल्या पत्राचं उत्तर, एवढं शोधून काढायचं. मुत्सद्द्याचं नाव सांगत नाही. आपल्याकडे त्याला कोण ओळखतंय? मोठा माणूस होता, युरोपात जाऊन तह करून आला, मंत्री झाला, एवढं पुरे. त्याची पत्रं जगाने जपली. त्याच्या बायकोने घरून लिहिलेली मात्र एकही उरली नव्हती. तिने पत्रं लिहिली हे कळायचं ते फक्त त्याच्या उत्तरांतून: तुझं अमुक तारखेचं पत्र मिळालं. असं दिसलं की गिरिजाने खूण करायची, 'सापडले नाही'. आज समोर होतं ते पत्र चारच ओळींचं होतं. तुझं वीस तारखेचं पत्र मिळालं. वाटाघाटी संथ चालल्या आहेत. इथली हवा मला मानवते आहे. खाली संपादकाची टीप: पत्नीचे पत्र सापडलेले नाही, बहुधा धाकट्या मुलीच्या मृत्यूविषयी असावे. गिरिजाने ती टीप दोनदा वाचली. 'बहुधा' म्हणे. ती मरून दोनशे वर्षं झाली आणि या संपादकाला अजून 'बहुधा'. तिने क्लिक केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि अर्धा दिवस बाकी असताना घरी निघाली.

एमआरटीच्या गाडीत बसायला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. तुझं वीस तारखेचं पत्र मिळालं. हे वाक्य तिला पाठ होतं, आणि मुत्सद्दी तिला भेटायच्या कितीतरी आधीपासून पाठ होतं. निशिकांत जहाजावर इंजिनिअर होता तेव्हा ते दोघं पत्रांना नंबर घालायचे. बोटीवरच्या सगळ्यांच्या बायका घालायच्या. पत्रं बंदराबंदरांतून फिरत यायची, सातवं आधी आणि पाचवं नंतर, कधी चार एकदम. नंबर नसला तर कशाचं उत्तर कशाला हेच कळायचं नाही. त्यामुळे निशिकांतचं प्रत्येक पत्र सुरू व्हायचं ते हिशेबाने: तुझं नं. १२, १३ मिळालं, १४ नाही. पुढे आठ-दहा पानं स्वतःचं. सुएझमधला उकाडा, इंजिनाचं तेल गाळणारा प्युरिफायर कसा बंद पडला आणि कसा फक्त यालाच दुरुस्त करता आला, चीफ ऑफिसर कसा गाढव आहे. लिहायचा मात्र झकास, हे गिरिजाही नाकारायची नाही. तिच्या माहेरी सांगलीला सगळे जमून त्याची पत्रं वाचायचे. मोठ्याने वाचायचा मान तिच्या वडिलांचा. तिने त्याची तीनशे बारा पत्रं कुकरच्या रिकाम्या खोक्यात ठेवून जपली, सांगलीहून पुण्याला, पुण्याहून इथे आणली. आणि तिची? लग्नानंतर तीन वर्षांनी एकदा घरी पाहुणे बसले असताना तिने सहज विचारलं होतं, अहो, माझी पत्रं कुठे ठेवता? तो हसला होता. "ठेवतो कुठे? साइन ऑफ करून बोटीवरून उतरायच्या आदल्या दिवशी इन्सिनरेटरमध्ये. सामान हलकं पाहिजे. वाचून झाल्यावर पत्राचं काय लोणचं घालायचं?" पाहुणे हसले. तीही हसली, चहा आणायला उठली. इंजिनरूममध्ये कचरा जाळायची भट्टी असते हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ईस्ट कोस्टच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून नांगरलेली जहाजं दिसतात. निशिकांत दिवसभर ती बघत बसतो. दोन वर्षांपूर्वी त्याला स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे अगदी सगळी नाही. 'हो', 'नाही', 'चहा', 'वाच' आणि 'साला' एवढे पाच शब्द उरले. समजतं सगळं. वाचताही येतं, पण एकेका शब्दाखाली डाव्या हाताचं बोट सरकवत, पहिलीतल्या मुलासारखं. थेरपिस्ट एक चिनी मुलगी आहे, फार गोड. शब्द बरोबर ओळखला की टाळी वाजवून म्हणते, व्हेरी गुड. मराठीचा सराव घरी गिरिजाने घ्यायचा असं ठरलं, आणि ओळखीचं काहीतरी वाचा असं ती म्हणाली म्हणून गिरिजा रोज पाच वाजता त्याला त्याचीच पत्रं वाचून दाखवू लागली. तो डोळे मिटून ऐकायचा. आपल्या एखाद्या वाक्यावर खूश होऊन खुर्चीच्या हातावर टिचकी मारायचा. बोलता येत होतं तेव्हापासून त्याच्या मनात होतंच, या पत्रांचं पुस्तक करायचं. "अगं, हा इतिहास आहे. मर्चंट नेव्हीवर मराठीत असं कुणी लिहिलेलं नाही. आणि संपादक घरातलाच." आता तर त्याला त्या पत्रांवाचून आवाजच उरला नव्हता. येत्या अठ्ठावीस तारखेला सत्तरी. कॉन्डोच्या हॉलमध्ये साठ माणसं, आणि अभय, त्याच्या हाताखाली शिकलेला, आता जहाज कंपनीत मोठा सुपरिंटेंडंट, तो पुस्तकातली पत्रं मोठ्याने वाचणार. निशिकांत खुर्चीत बसून स्वतःला बोलताना ऐकणार. गेले सहा महिने हा माणूस त्यासाठी जगत होता. लेक मधुरा इथल्या लोकांसारखं वाक्याला 'लाह' जोडत म्हणायची, "बाबांचा फोकसच तो आहे, आई. डोन्ट डिले, लाह." गिरिजा म्हणायची, करतेय.

आणि करत होतीच की. रॅफल्स प्लेसहून लवकर आली त्या दिवशी तिने ठरवलं, पुस्तक कसं करायचं ते. रीतसर. शास्त्रशुद्ध. ज्या नियमांनी मोठ्या माणसांची पत्रं छापतात त्याच नियमांनी. त्या अकरा खंडांत प्रत्येक पत्र थोडंच पूर्ण छापलं होतं? सार्वजनिक महत्त्वाचं असेल ते पूर्ण, बाकीच्यांचा एका ओळीत सारांश. मूळ पत्र कितीही पानांचं असो, सारांश वीस शब्दांच्या आत. या कामात गिरिजाचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. ती जेवणाच्या टेबलावर कुकरचं खोकं घेऊन बसली आणि नंबरवारीने एकेक पत्र उचलू लागली. नं. ४: सुएझ. उकाडा. स्वतःचे कौतुक. नं. ९: रॉटरडॅम. थंडी. लोणचे संपले, चीफ ऑफिसरशी भांडण, स्वतःचेच खरे. नं. १५ म्हणजे बिस्केच्या उपसागरातलं वादळ, बारा पानं, सांगलीला वडील वाचत असताना शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले होते ते. तिने लिहिलं: वादळ. जहाज बुडाले नाही. लिहिताना तिला हसू आलं. खोटं कशाला बोलायचं, मजा येत होती. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती. बाल्कनीत तो जहाजं बघत बसला होता, मधूनच मान वळवून तिच्याकडे बघत होता, बायको आपलं पुस्तक करतेय म्हणून सुखात होता. ती त्याला म्हणाली, "छान होतंय हं." तो म्हणाला, "हो." आणि प्रत्येक पानावर, त्याच्या पत्रांच्या मध्ये, तिने तिची पत्रं घातली. नियमच आहे तसा. गिरिजाचे पत्र नं. १: सापडले नाही. गिरिजाचे पत्र नं. २: सापडले नाही. ती काही दुष्ट बाई नव्हती. तीस वर्षांवर तिने या माणसाच्या आवडीची आमटी केली, दोन वर्षं त्याचं सगळं अंथरुणात केलं, चेहऱ्यावर आठी न आणता. पण आठी जाते कुठे? कुठेतरी जातेच.

जून चौऱ्याण्णवपाशी आल्यावर हसू थांबलं. तीन जूनला मुलगा झाला होता, सांगलीला. बाराव्या दिवशी बारसं. निशिकांतने नावाचं कळवलं नव्हतं. 'आल्यावर ठरवू' एवढंच. म्हणून आईने आणि मावशीने नावं काढून ठेवली होती, पाळणा भाड्याने आणला होता, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले होते. अकराव्या दिवशी सकाळी बाळ निळं पडलं आणि दहा वाजेपर्यंत गेलं. बोलावलेल्या बायकांना येऊ नका म्हणून सांगायला भाऊ सायकलवरून घरोघर गेला. ते भिजलेले हरभरे कुणी टाकले, की शिजवून खाल्ले, हे तिला आजतागायत माहीत नाही, आणि तीस वर्षांत हजारदा तरी तिने त्यावर विचार केला असेल. नाव नव्हतं. त्यामुळे नंतर बोलायचं तरी काय म्हणून? 'ते बाळ' म्हणायचे सगळे. मग तेही म्हणेनासे झाले. सासऱ्यांनी कंपनीला तार केली होती, कॅप्टनने निशिकांतला सांगितलं असणार. वीस तारखेला ती उठून बसली आणि तिने पत्र लिहिलं. नंबर तेवीस. चार पानं, दोन्ही बाजूंनी. काय लिहिलं ते आता शब्दशः आठवत नव्हतं, पण जळजळीत लिहिलं होतं एवढं नक्की. त्या पत्राचा तिला तीस वर्षं अभिमान होता. आयुष्यात एकदा का होईना, मूग गिळून बसले नाही. आणि त्याचं उत्तर खोक्यात होतं, सिंगापूर अँकरेज, म्हणजे बंदराबाहेरचा नांगरतळ, नऊ जुलै: तुझं नं. २३ मिळालं. इकडे सर्व ठीक. प्युरिफायरने परत त्रास दिला. एजंटच्या बोटीतून ताजी पपई आली. बस. ना बाळ, ना सांगली, ना ती. नोव्हेंबरात घरी आला तेव्हाही नाही. आल्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला आणि म्हणाला, वॉशर गेला होता. तिने त्या दिवशी मनाशी नक्की केलं, हा माणूस दगड आहे. दगडाशी संसार करता येतो. फक्त अपेक्षा ठेवायची नसते. तीन वर्षांनी मधुरा झाली तीसुद्धा त्या दगडापासूनच. सिंगापूरची नोकरी, हा फ्लॅट, ही बाल्कनी, जिथून नेमकं तेच अँकरेज दिसतं, सगळं त्या एका ठरवण्यावर उभं होतं.

लिटिल इंडियात मंदिरामागच्या गल्लीत एक तमिळ छापखानेवाला आहे, त्याच्याकडून तिने नमुना प्रत स्पायरल बांधून आणली. ठरलं होतं त्याच्या निम्मीसुद्धा जाड नव्हती. शनिवारी सकाळी मधुरा आली होती. तिने उभ्या उभ्या चाळली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, बाबांची पत्रं कुठायत?"

"त्यातच आहेत. सारांश आहेत. असंच करतात."

"जहाज बुडाले नाही? आई, धिस इज सो मीन. हे अभयकाका वाचणार? साठ लोकांसमोर?"

"नियमाप्रमाणे आहे. बाबांनीच म्हटलं होतं, इतिहास आहे."

"प्लीज, चेंज कर. तो बोलू पण नाही शकत, लाह." मधुराला मराठीत बापाला अहो-जाहो करायचं कधी जमलं नाही. तिचे डोळे भरले होते. गिरिजाला वाटलं, माझ्यासाठी हिचे डोळे कधी भरले होते? आणि लगेच वाटलं, हिला माहीत तरी काय आहे? हिला आपल्याआधी कुणी होतं हेसुद्धा कधी सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "बघू, त्यांना काय वाटतं ते." मधुरा न जेवता गेली.

निशिकांत शनिवार-रविवार वाचत राहिला. गिरिजा ओट्यापाशी उभी राहून बघत होती. पहिल्यांदा त्याने कव्हरवरचं आपलं नाव वाचलं, बोट सरकवत, आणि मान वर करून हसला, एका बाजूने. मग आत गेला. नं. ४ पाशी बोट थांबलं. परत मागे गेलं. परत पुढे. नं. ९. त्याने पान उलटलं, पाठीमागे काही आहे का बघितलं. त्याला वाटलं असावं, पुढे कुठेतरी पूर्ण छापलं असेल. तो शोधत गेला, रविवार अख्खा शोधत गेला, चहा गार झाला तरी. वादळापाशी आल्यावर मात्र त्याला कळलं. त्याने तिच्याकडे बघितलं. "साला," म्हणाला, पण शिवीसारखं नाही; दुसरा शब्दच नव्हता. गिरिजाने नजर चुकवली नाही. तिला वाटलं होतं, अशा वेळी जिंकल्यासारखं वाटेल. थोडं वाटलंही. पण ती गवार निवडत राहिली, आणि गवार फार कोवळी होती, इथे अशी मिळत नाही, असाच विचार डोक्यात येत राहिला.

सोमवारी सकाळी तो जूनच्या पानावर आला. गिरिजाचे पत्र नं. २३, २० जून १९९४: सापडले नाही. बोट तिथेच राहिलं. तिला वाटलं, आता पुढे जाईल. तो गेला नाही. "नाही," तो म्हणाला. ती म्हणाली, "हो, बरोबर वाचलंत." तो मान हलवायला लागला. "नाही. नाही. नाही." आणि वॉकर ओढून घेऊन उठला. एरवी उठताना त्याला तिचा हात लागायचा. तो खोलीत गेला, कपाटाचा खालचा खण उघडण्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, ती गेली नाही. दहा मिनिटांनी तो परत आला. वॉकरच्या दांड्याशी डाव्या हाताने दाबून धरलेली त्याची रेक्झिनची जुनी पिशवी. जहाजावरचे पासपोर्ट, सर्टिफिकेटं, समुद्रावर काढलेल्या दिवसांच्या नोंदींचं सी-टाइमचं पुस्तक त्यात असायचं. त्या पिशवीला हात लावायचा नाही हा या घरातला पहिला नियम होता, आणि तिने तो इमानाने पाळला होता. खुर्चीत बसून त्याने ती मांडीवर उलटी केली. सगळ्यात शेवटी पडलं ते पाकीट. निळ्या-लाल काठाचं, एअरमेल. वर तिचं अक्षर. कोपऱ्यात वर्तुळात तेवीस. तिने हातात घेतलं आणि उलटून बघितलं. डिंकाची पट्टी पिवळी पडली होती. सांगलीत तिने स्वतः थुंकी लावून चिकटवलं होतं, तसंच्या तसं. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

तिला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग सगळं एकदम समजलं. एजंटची बोट, पपई, कॅप्टनने आधीच सांगितलेलं. हा हातात पाकीट घेऊन उभा. आत काय आहे ते माहीत. आणि मग हे पिशवीत. पंचवीस-तीस जहाजं, सहा पासपोर्ट, तीन घरं, आणि दर वेळी साइन ऑफच्या आदल्या दिवशी बाकीची पत्रं भट्टीत जात असताना हे एकटं बाहेर. जाळायची हिंमत नाही आणि फोडायचीही नाही. म्हणजे हा दगड नव्हता तर. भित्रा होता. तिचा संताप संताप झाला. दगड म्हणून ज्याला तिने तीस वर्षं माफ केलं होतं तो मुळात दगड नव्हताच. दगडाला माफी असते, त्याला कळत नाही म्हणून. याला सगळं कळत होतं. याने कळत असताना नळ दुरुस्त केला.

"वाच," निशिकांत म्हणाला.

तिने भाजीच्या सुरीने पाकीट फोडलं. कागद पातळ होता, शाई तपकिरी झाली होती. ती मनात वाचू लागली, जळजळीत शब्दांची वाट बघत. ते नव्हतेच. त्या वेळच्या सौ. गिरिजाने लिहिलं होतं, माझ्यावर रागावू नका. मी नीट सांभाळलं नाही. रात्री तो रडला तेव्हा मला झोप लागली होती, आईने हलवलं तेव्हा जाग आली. आई म्हणते त्याने काही झालं नाही, पण तुम्ही म्हणाल तेच खरं. दुसऱ्या पानावर: बाळाचे कान तुमच्यासारखे होते. तिसऱ्यावर पुन्हा माफी. चौथ्यावर, बारसं झालं नाही त्यामुळे त्याला हाक मारता येत नाही. तुम्ही एक नाव कळवा. कुठलंही. मी कुणाला सांगणार नाही, मनात ठेवीन. उत्तर लवकर पाठवा, पत्राला नंबर घाला. गिरिजाने कागद खाली केला. ही कोण बाई? हिला तीस वर्षं तिने मनात किती उंच बसवलं होतं, आणि ही पायाशी बसली होती, ज्याने पाकीट उघडलं नाही त्याच्या. तिला त्याचा आला नव्हता एवढा त्या पोरीचा राग आला. आणि हे याला वाचून दाखवायचं? त्याला आता ऐकायचं होतं. आता, जेव्हा नाव कळवायला तोंडात शब्द नाही. आता ऐकून तो रडेल, हलका होईल, तिचा हात धरेल, आणि सत्तरीला साठ माणसांसमोर तोच बिचारा ठरेल. त्या पोरीने मागितलेली माफी तो तीस वर्षांनी फुकटात खिशात घालेल.

"वाच," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं. त्याने डावा हात पुढे केला, कागदासाठी. वाचता येत होतं त्याला, बोट सरकवत, दोन दिवस लागले असते. तिने कागदांच्या घड्या होत्या तशा घातल्या, ते पाकिटात ठेवले आणि पाकीट आपल्या ऑफिसच्या पर्समध्ये टाकून चेन लावली.

"कौटुंबिक मजकूर आहे," ती म्हणाली. "छापण्यासारखं काही नाही."

"वाच. वाच. गि—" नावापाशी त्याची जीभ अडकली. दोन वर्षांत तो तिचं नाव म्हणायचा प्रयत्न करत नव्हता, आज केला. तिने ते ऐकलं. मग टेबलावरची पेन्सिल घेतली, नमुना प्रत ओढली, जूनचं पान काढलं. चूक राहून चालणार नव्हती, नियमच आहे तसा. 'सापडले नाही' यावर तिने सरळ रेघ मारली आणि वर बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: सापडले. चार पाने. कौटुंबिक मजकूर, छापलेला नाही. मग प्रत त्याच्याकडे वळवून त्याच्या मांडीवर ठेवली, थेरपिस्ट ठेवते तशी, सरळ.

तो तिच्याकडेच बघत होता. खाली अँकरेजमधून एक जहाज नांगर उचलून हळूहळू वळत होतं, एरवी त्याने तेच बघितलं असतं. मग त्याने मान खाली घातली. बोट पहिल्या शब्दाखाली गेलं. एकेक शब्द ओलांडत, मध्येच मागे जात, पुन्हा पुढे येत ते ओळीच्या शेवटी आलं. शेवटचा शब्द त्याच्या पाचांतला होता. तेवढा त्याला म्हणता आला.

"नाही," तो म्हणाला.

"व्हेरी गुड," गिरिजा म्हणाली.